गालिचे, इराणी व तुर्की

ताण्याच्या उभ्या धाग्यांभोवती लोकरीच्या किंवा रेशमाच्या आखूड धाग्यांच्या गाठी मारायच्या, गाठींची एक ओळ पुरी झाली की बाण्याचे एक-दोन आडवे धागे घालून ते फणीने ठोकून बसवायचे, आणि गाठींची मोकळी टोके कात्रीने सारखी करायची, अशा रीतीने विणलेल्या लवदार बिछायतीला गालिचा म्हणतात. सपाट विणीचे किलीम आणि सतरंजी यांत अशा गाठी नसल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही. मराठी शब्द फार्सी ‘कालीचे’ यावरून आला असून त्याचा मूळ अर्थ लहान ‘काली’ असा आहे. ‘काली’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे : अरब भूगोलज्ञ याकूत (मृत्यू १२२९) याने ती कालीकला, म्हणजे आजचे एर्झुरूम, या नगराशी जोडली, काही अभ्यासक हा शब्द मुळात तुर्की मानतात. मराठीत लहान-मोठा हा भेद उरला नाही.

गाठीचे दोन मुख्य प्रकार आहेत. सममित गाठीत धागा ताण्याच्या दोन शेजारच्या तारांवरून जाऊन दोघींना वळसा घालतो आणि त्याची दोन्ही टोके त्या तारांच्या मधून वर येतात. असममित गाठीत एका तारेला पूर्ण वळसा बसतो, दुसरीच्या केवळ मागून धागा जातो; त्यामुळे एक टोक दोन तारांच्या मधून आणि दुसरे बाहेरच्या बाजूने निघते. व्यापारी परिभाषेत पहिलीला तुर्की किंवा गॉर्देस गाठ आणि दुसरीला इराणी किंवा सेन्ने गाठ म्हणतात. ही नावे रूढ असली तरी दिशाभूल करणारी आहेत. सेन्ने, म्हणजे इराणमधील कुर्दी शहर सनंदज, येथील विणकर सममित गाठच मारतात; तब्रीझमध्येही हीच गाठ चालते आणि ती आकड्याच्या सुरीने इतक्या वेगाने मारली जाते की पाहणाऱ्याच्या नजरेला धागा सापडत नाही. म्हणून गाठीच्या प्रकारावरून विणकराची भाषा किंवा वंश ठरवू नये. गालिचा आडव्या ओळीत दुमडून लव उकलली की सममित गाठीचा आडवा पट्टा दोन्ही टोकांवरून गेलेला दिसतो. ही ओळखीची सर्वांत सोपी खूण होय. लवेवरून हात फिरवला असता एका दिशेला ती मऊ आणि उलट दिशेला खरबरीत लागते. लव नेहमी विणकामाच्या आरंभाकडे झुकलेली असल्याने गालिचा कोणत्या टोकापासून विणायला घेतला हेही हाताला कळते.

गाठींची दाटी मोजताना मागील बाजू पाहतात, पण तेथे चूक होण्याचा संभव असतो. ताण्याच्या तारा एकाच पातळीत असतील तर प्रत्येक गाठीचे दोन ठिपके दिसतात. एकाआड एक तार मागे दाबलेली असेल तर एकच दिसतो. इराणमध्ये दाटी ‘रज’ या मापाने सांगतात. तब्रीझच्या पद्धतीत सुमारे ७ सेंमी. रुंदीत जितक्या गाठी तितके रज. ५० रज म्हणजे एका चौरस सेंमी.मध्ये साधारण ५१ गाठी.

ज्ञात असलेला सर्वांत जुना अखंड गालिचा रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना १९४९ मध्ये सायबीरियातील अल्ताय पर्वतात, पाझिरिक येथील पाचव्या थडग्यात सापडला. थडग्यात शिरलेले पाणी गोठून राहिल्याने लोकर टिकली. सुमारे १८३ × २०० सेंमी. आकाराच्या या गालिच्याच्या किनारीत घोडेस्वार आणि ठिपकेदार हरणे ओळीने चालली आहेत. एका चौरस सेंमी.मध्ये सुमारे ३६ सममित गाठी आहेत. काळ सामान्यतः इ. स. पू. पाचवे ते तिसरे शतक या मर्यादेत धरतात. तो कोठे विणला याविषयी एकमत नाही : हखामनी (प्राचीन राजघराणे) काळातील इराण, आर्मेनिया आणि मध्य आशियातील भटक्यांची वस्ती अशी तीन मते मांडली गेली आहेत. नक्षीवर हखामनी दरबाराची छाप स्पष्ट आहे, परंतु नक्षी दूरवर जाऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून माग इराणात होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. निश्चित इतकेच की तुर्क आनातोलियात (आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात) येण्यापूर्वी बाराशेहून अधिक वर्षे ही तथाकथित तुर्की गाठ प्रगल्भ अवस्थेत होती. यानंतरच्या सहस्रकाचे केवळ तुकडे मिळतात. इस्लामपूर्व इराणच्या ससानी घराण्यातील सम्राटाच्या टेसिफोन या राजधानीतील रत्नजडित ‘वसंत गालिच्या’ची वर्णने अरबी ग्रंथांत आहेत, तो गाठींचा होता की नाही हे त्यांवरून ठरत नाही.

आनातोलियातील जुन्या नमुन्यांपैकी कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीत विसाव्या शतकाच्या आरंभी मिळालेले गालिचे महत्त्वाचे आहेत. ते बहुधा तेराव्या शतकातील, सेल्जुक तुर्कांच्या काळाचे असावेत, मात्र काहींचा काळ पुढे ओढण्याकडेही कल आहे. नंतरच्या तुर्की गालिच्यांचे कालनिर्णय बरेचसे यूरोपीय चित्रांवरून होतात. पश्चिम तुर्कस्तानातील उशाक परिसराच्या नक्षींना होल्बाइन आणि लोत्तो या चित्रकारांची नावे त्यामुळेच चिकटली. चित्राचे वर्ष गालिचा त्याआधी विणला गेला एवढेच सिद्ध करते, हे येथे विसरता कामा नये. रुमानियातील ब्राशोव्हच्या ‘काळ्या चर्च’मध्ये आनातोलियन गालिच्यांचा मोठा संग्रह आजही आहे.

इराणी गालिच्याचा उत्कर्ष सफावी राजवटीत, विशेषतः शाह तहमास्प (१५२४–७६) आणि पहिला शाह अब्बास (१५८७–१६२९) यांच्या काळात झाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयाने विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीवरून १८९३ मध्ये घेतलेला अर्दबील गालिचा सुमारे १०.५ × ५.३ मी. असून रेशमी ताण्या-बाण्यावर लोकरीच्या असममित गाठींनी विणलेला आहे. त्यावर फार्सी कवी हाफिजच्या दोन ओळी, ‘मकसूद काशानी’ हे नाव आणि हिजरी ९४६ (इ. स. १५३९–४०) हे वर्ष आहे. ‘काशानी’वरून तो काशानचा ठरवणे योग्य नाही, हे नाव माणसाच्या मूळ गावाचे आहे, मागाच्या जागेचे नव्हे. मधल्या पदकापासून लोंबणाऱ्या दोन दिव्यांपैकी एक मोठा, एक लहान आहे. लहान दिव्याजवळ बसणाऱ्याला दोन्ही सारखे दिसावेत म्हणून तसे केले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. परंतु त्या काळच्या इराणी कलेत अशा यथादर्शनाचा (अंतरानुसार आकार बदलून दाखवण्याचा) पुरावा नसल्याने ते पटत नाही. पूर्णत्व केवळ ईश्वराचे, म्हणून मुद्दाम ठेवलेला दोष, हे दुसरे मत त्या मानाने सौम्य आहे, तरी तेही अनुमानच. अर्दबील गालिच्याची जोडी लॉस अँजेलिस येथे आहे. तिचे भाग कापून लंडनच्या गालिच्याची डागडुजी झाली. मिलानमधील शिकारीच्या गालिच्यावरील वर्ष कोणी ९२९, तर कोणी ९४९ वाचतात, सध्या ९४९ (इ. स. १५४२–४३) अधिक ग्राह्य धरले जाते.

कश्काई, बख्तियारी, तुर्कमेन, युरुक इत्यादी भटक्या जमातींच्या स्त्रिया जमिनीवर खुंट्या ठोकून मांडलेल्या आडव्या मागावर, बहुधा लोकरीच्याच ताण्यावर विणतात. शहरी कारखान्यांत उभा माग, सुती किंवा रेशमी ताणा आणि चौकटींच्या कागदावर काढलेली नक्षी असते.

रंग मंजिष्ठा, नीळ आणि डाळिंबाची साल यांसारख्या पदार्थांपासून होत. एका रंगाचे सूत वेगवेगळ्या घाण्यांत रंगवल्याने पृष्ठभागावर छटांचे पट्टे पडतात, त्यांना ‘अब्रश’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्यात वाढली, तसे स्वस्त, कृत्रिम ॲनिलीन रंग आले. ते लवकर विटत, आणि इराण सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. तुर्कस्तानात नैसर्गिक रंग पुन्हा रूढ करण्याचा ‘दोबाग’ प्रकल्प १९८१ मध्ये सुरू झाला. फार्स आणि काशान येथील विणकामाची कौशल्ये यूनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.