छोट्या घरांची पार्श्वभूमी: स्वेच्छेचे घर आणि सक्तीचा निवारा

हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉल्डन तळ्याकाठी बांधलेली दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोली साध्या राहणीच्या घराचा आद्य नमुना मानली जाते. तिच्या बांधकामाला २८ डॉलर साडेबारा सेंट लागल्याचा हिशेब त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्या हिशेबामागच्या दोन गोष्टींकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फळ्या मिळवण्यासाठी त्याने रेल्वेमार्गावर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन मोडली होती. आणि जमीन त्याचा मित्र राल्फ वाल्डो इमर्सन याच्या मालकीची असल्याने तिच्यासाठी त्याला वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत. म्हणजे एकाने आवडीने स्वीकारलेले छोटे घर दुसऱ्याच्या नाइलाजाच्या घरातून उभे राहिले, आणि तेही फुकट मिळालेल्या जागेवर. आज टिकाऊ व पर्यावरणस्नेही छोट्या घरांची चर्चा होते तेव्हा विस्थापितांचा निवारा आणि हौशीची साधी राहणी एकाच पंक्तीत बसवली जातात. नकाशावर दोन्ही घरे सारखी दिसतात हे खरे. पण त्यांचे भवितव्य क्षेत्रफळाने फार क्वचित ठरले आहे. घर किती काळ उभे राहू दिले जाणार, ते वाढवता येणार का आणि खालची जमीन कोणाची, या प्रश्नांनीच ते बहुतेक वेळा ठरले.

विस्थापितांसाठी मोठ्या प्रमाणावर छोटी घरे बांधण्याचा एक लक्षणीय प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत झाला. १८ एप्रिल १९०६ रोजीच्या भूकंपाने आणि त्यानंतर लागलेल्या आगीने शहरातील निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. पहिले काही महिने तंबूंत गेल्यावर, पावसाळी थंडी येण्यापूर्वी सार्वजनिक उद्यानांत सुमारे ५,६०० लाकडी खोल्या उभारण्यात आल्या. त्यांतील लहान खोल्या जेमतेम १४० चौरस फुटांच्या होत्या, आणि बागेत त्या डोळ्यांना खुपू नयेत म्हणून त्यांना हिरवा रंग दिला होता. या योजनेचे खरे वैशिष्ट्य बांधकामापेक्षा तिच्या व्यवहारात होते. राहणारे कुटुंब महिन्याला दोन डॉलर भाडे भरी, ही रक्कम खोलीच्या पन्नास डॉलर किमतीत वळती होई, आणि किंमत फिटली की खोली त्या कुटुंबाची होई. अट इतकीच, की ती उद्यानातून हलवायची. लोकांनी आपापल्या खोल्या घोडागाड्यांवर चढवून शहराच्या कडेच्या स्वस्त जागांवर नेल्या, कोणी दोन-तीन खोल्या जोडून एक घर केले, कोणी पुढे पडवी काढली. १९०८ पर्यंत छावण्या उठल्या, पण त्या खोल्यांपैकी काही आजही शहरात उभ्या आहेत. तात्पुरत्या घराचे कायमच्या घरात रूपांतर करण्याची इतकी सोपी वाट नंतरच्या फारच थोड्या योजनांना सापडली, असे मला वाटते.

पुढची चार दशके युद्धांची होती आणि त्यांनी निवाऱ्याला कारखान्यात नेले. मेजर पीटर नॉर्मन निसेन यांनी १९१६ साली सैन्यासाठी आखलेली पन्हळी पत्र्याची अर्धगोल बराक थोड्याशा माणसांना काही तासांत उभी करता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९४४ च्या कायद्यान्वये दीड लाखांहून अधिक तात्पुरती प्रीफॅब (कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडलेली) घरे बांधली. त्यांचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे धरले होते. प्रत्यक्षात कित्येक घरांत लोक पन्नास वर्षांहून अधिक काळ राहिले, आणि काही ठिकाणी ती पाडण्याची वेळ आली तेव्हा रहिवाशांनीच विरोध केला. त्या घरांत स्वयंपाकघर, न्हाणीघर व गरम पाण्याची सोय होती आणि भोवती थोडी बाग होती, हे यामागचे एक कारण असावे.

याच सुमारास छोटेपणाला शास्त्राचा दर्जाही मिळत होता. १९२९ साली फ्रँकफर्ट येथे आधुनिक वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘किमान गरजेचे घर’ हाच विषय चर्चेला घेतला होता. वास्तुविशारद ल कॉर्बूझिए याने १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी ३.६६ मीटर लांबी-रुंदीची लाकडी खोली बांधली. तिच्यात स्वयंपाकघर नव्हते, कारण शेजारीच खाणावळ होती. छोट्या घराच्या गरजांपैकी किती गरजा घराबाहेर भागवल्या जातात, हे अशा कौतुकाच्या उदाहरणांत झाकले जाते. छावणीत मात्र तेच आधी डोळ्यांत भरते.

विस्थापितांच्या निवाऱ्याबाबत सर्वांत अधिक शिकवणारा काळ १९७० च्या दशकाचा आहे. १९७० साली तुर्कस्तानातील गेदिझ येथे भूकंपानंतर पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फेसाचे घुमट जागेवरच फवारून उभे करण्यात आले आणि पुढे निकाराग्वातही तोच प्रयोग झाला. कल्पना चमकदार होती, पण घुमटाला खोली जोडता येत नाही, त्याला खिळा ठोकता येत नाही, हा फेस पेट घेतो, आणि यंत्रसामग्री पोहोचेपर्यंत लोकांनी ढिगाऱ्यातले लाकूड-पत्रे वेचून आपापला आडोसा उभा केलेला असतो. फ्रेड क्यूनी यांच्यासारखे मदतकार्यातले अभियंते आणि इयन डेव्हिस यांच्यासारखे अभ्यासक यातून जो निष्कर्ष काढत होते, तो १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-मदत कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत आला: निवारा ही केवळ वस्तू नसून प्रक्रिया आहे, आणि तिचा मुख्य कर्ता आपद्ग्रस्त स्वतः असतो. १९७६ च्या ग्वाटेमाला भूकंपानंतर तयार घरे वाटण्याऐवजी पत्रे स्वस्तात पुरवून कोपऱ्यांना व भिंतींना बळकटी कशी द्यावी याचे शिक्षण देण्यात आले, तो याच विचाराचा भाग होता.

‘टिकाऊ’ हा शब्द पुढे आला तो साहित्याच्या प्रश्नातून. १९९४ साली रवांडातून वीस लाखांहून अधिक लोक शेजारच्या देशांत पळाले. त्यांना प्लास्टिकच्या ताडपत्र्या मिळाल्या, पण त्यांखालच्या सांगाड्यासाठी त्यांना झाडे तोडावी लागली. म्हणून ॲल्युमिनियमचे खांब दिले, तर पैशांची निकड असलेल्या लोकांनी ते विकले आणि पुन्हा झाडे तोडली. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी यावर कागदी नळ्यांचे खांब सुचवले. कागदाला बाजारभाव नव्हता, हाच त्याचा गुण ठरला. पुढच्याच वर्षी कोबेच्या भूकंपानंतर त्यांनी बिअरच्या क्रेटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून पाया केला आणि त्यावर कागदी नळ्यांच्या भिंतींची घरे उभारली. त्याच सुमारास इराणी वास्तुविशारद नादेर खलिली यांनी मातीने भरलेल्या पोत्यांचे वेटोळे रचून, दोन थरांमध्ये काटेरी तार घालून घुमट बांधण्याची पद्धत इराकी निर्वासितांसाठी वापरली. इथे साहित्य जवळजवळ सगळे पायाखालचेच होते.

छावणीतील जागेचे मोजमापही याच दशकात ठरू लागले. मदतसंस्थांनी १९९७ पासून आखलेल्या ‘स्फिअर’ मानकांत माणशी किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा सांगितली आहे. आयकिया फाउंडेशनच्या साहाय्याने पाच जणांच्या कुटुंबासाठी तयार झालेला ‘बेटर शेल्टर’ हा सुट्या भागांचा निवारा नेमका १७.५ चौरस मीटरचा आहे. किमान मर्यादाच तिथे आराखडा झाली आहे. आगीच्या चाचणीनंतर झ्युरिक शहराने २०१५ साली तो वापरण्याचा बेत सोडला आणि पुढे त्याच्या रचनेत बदल करण्यात आले.

स्वेच्छेच्या घरांची आजची लाट याला समांतर वाढली. जे शेफर यांनी १९९९ साली अमेरिकेत आपले पहिले छोटे घर चाकांवर बांधले. तिथल्या बांधकाम नियमांना इतके लहान घर मान्य नव्हते. चाके लावली की ते घर न राहता वाहन ठरे. २००५ च्या कॅटरिना वादळातील विस्थापितांना सरकारने दिलेल्या ट्रेलरांत फॉर्माल्डिहाइड या आरोग्यास अपायकारक रसायनाचे प्रमाण अधिक आढळले. अशा ट्रेलरांना पर्याय म्हणून वास्तुरचनाकार मारियान कुसाटो यांनी ३०८ चौरस फुटांचे, पुढे वाढवता येईल असे घर आखले, तेव्हा दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ आले. २००८ च्या आर्थिक संकटाने या घरांकडे नव्याने लक्ष वेधले, आणि अमेरिकेच्या नमुना निवासी नियमावलीत २०१८ च्या आवृत्तीपासून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळे परिशिष्ट आले. त्यात पोटमाळा व जिना यांच्या मापांना सूट आहे. पण कोणत्या भूखंडावर असे घर चालेल हे प्रत्येक शहर स्वतंत्रपणे ठरवते.

वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथे काही बेघर लोक अनेक वर्षे तंबू घेऊन एका चर्चच्या आवारातून दुसऱ्या आवारात हलत होते. त्यांच्यासाठी १४४ चौरस फुटांची तीस घरे आणि एक सामाईक स्वयंपाकघर असलेली वस्ती २०१३ च्या अखेरीस उभी राहिली, ती काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) वर्षाला एक डॉलर भाड्याने जमीन दिल्यानंतर.