दुसरी आज्ञा कुणी गाळलेली नाही

‘कॅथलिकांनी देवाच्या दहा आज्ञांपैकी मूर्तींविषयीची दुसरी आज्ञा बायबलमधून काढून टाकली,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसे झालेले नाही.

कोणतेही कॅथलिक बायबल उघडा आणि निर्गम या पुस्तकातल्या 20व्या अध्यायाच्या 4 ते 6 या ओव्या (निर्गम 20:4-6) वाचा. कोरीव मूर्ती करू नका, त्यांना नमन करू नका, हे सगळे तिथे जसेच्या तसे आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 5:8-10 मध्येही आहे.

फरक मोजणीत आहे. आज्ञा दहा, हे निर्गम 34:28 सांगते. पण पहिली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे शास्त्रात लिहिलेले नाही. कॅथलिक मूर्तींचा भाग पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाच्या दोन आज्ञा मोजतात: शेजाऱ्याची पत्नी वेगळी, मालमत्ता वेगळी. अनुवाद 5:21 मध्ये पत्नीचा उल्लेख आधी येतो, हा त्यांचा आधार. बहुतेक प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स लोभाची एकच आज्ञा धरतात, म्हणून त्यांची मूर्तींची आज्ञा दुसरी. लूथरन प्रॉटेस्टंट असूनही कॅथलिकांसारखेच मोजतात, हे तर मुद्दाम लक्षात घ्यावे.

गैरसमज बहुधा धर्मशिक्षणातल्या पाठांतराच्या संक्षिप्त यादीमुळे होतो. तिथे पहिली आज्ञा एका ओळीत येते, त्यामुळे मूर्तींचा भाग दिसत नाही.

पुतळे आणि प्रतिमा यांविषयी मतभेद खरे आहेत, त्यावर जरूर बोलावे. पण शेजारच्या चर्चमधल्या भावंडांवर शास्त्र खोडल्याचा आरोप करण्याआधी त्यांच्याच बायबलमध्ये ते पान एकत्र बसून वाचावे.