धान्यविक्रीचा निर्णय (बेळगाव सीमाभाग)

धान्यविक्रीचा निर्णय : मळणी झालेला माल कधी, कोठे, कोणाला आणि किती विकायचा, याची शेतकऱ्याने करायची निवड. बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यात खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात भात, निपाणी-चिकोडीकडे सोयाबीन आणि पूर्वेला जोंधळा, मका, हरभरा पिकतो. प्रत्येक पिकाचा बाजार वेगळा, पण सुगीतला पेच सारखाच असतो.

सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव उतरतो. पुढे आवक घटली की तो बहुधा सावरतो. मग शेतकरी थांबत का नाही? थांबण्यालाही पैसा लागतो. 15 टक्के ओलाव्याचे 100 किलो सोयाबीन 10 टक्क्यांपर्यंत वाळवले, तर हातात साधारण साडेचौऱ्याण्णव किलो उरते. समजा, आजचा भाव क्विंटलला 4000 रुपये आहे आणि हातउसन्या पैशावर महिन्याला शेकडा एक रुपया व्याज पडते. चार महिन्यांनी क्विंटलला निदान 4405 रुपये मिळाले, तरच थांबणाऱ्याची नुसती बरोबरी होते. पोती, हमाली, किडीचे औषध आणि उंदरांची नासधूस यात धरलेली नाही. ओल्या मालाला व्यापारी भाव कापतो. ती कपात या घटीपेक्षा जास्त असेल, तर मात्र वाळवूनच विकावे. हा हिशोब घरी कागदावर मांडल्याशिवाय मालाची गाडी बाजारात नेऊ नये.

भातकऱ्याचे गणित घरापासून सुरू होते. वर्षाची बेगमी आणि बियाणे काढून उरेल ती खरी विकाऊ शिल्लक. पण खत-औषधाची उधारी दारात उभी राहिली की लहान शेतकरी बेगमीलाही हात घालतो आणि तोच माणूस उन्हाळ्यात दुकानातून तांदूळ आणतो. विकताना सुगीचा भाव, घेताना दुकानाचा : या फरकात त्याचे जे जाते, ते कोणत्याही बाजार अहवालात दिसत नाही.

निर्णय अनेकदा भावापेक्षा उधारीच्या मुदतीवर ठरतो. अडत्याकडून (बाजारातल्या दलालाकडून) उचल घेतलेली असली की माल त्याच्याच दुकानी जातो आणि घासाघीस तिथेच संपते. कर्नाटकात सहकारी सोसायटीचे पीककर्ज ठराविक मर्यादेपर्यंत बिनव्याजी मिळते, पण ते मुदतीत फेडले तरच. म्हणून मुदतीपुरता माल आधी विकून उरलेला दोन-तीन टप्प्यांत काढणे शहाणपणाचे. सगळाच माल चढत्या भावाच्या आशेवर ठेवणे म्हणजे पोराबाळांच्या पोटावर जुगार खेळणे होय.

हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. 2024-25 हंगामासाठी साधारण भाताला क्विंटलमागे 2300, मक्याला 2225 आणि सोयाबीनला 4892 रुपये ठरले. त्या सुगीत सोयाबीनचा बाजारभाव मात्र हमीभावाच्या खाली राहिला. खरेदी केंद्र वेळेवर सुरू झाले नाही, तर जाहीर झालेला दर शेतकऱ्याच्या कामाचा राहत नाही. ओलाव्याची अटही असतेच.

सीमेमुळे एक पर्याय वाढतो आणि एक अडचणही. निपाणीला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कोल्हापूर जवळ पडते. खुल्या बाजारात माल तिकडे नेता येतो, फक्त भावातील फरक भाड्यापेक्षा मोठा हवा. हमीभावाच्या नोंदणीला मात्र जमीन ज्या राज्यात, तिथलेच कागद लागतात. कर्नाटकात त्यासाठी फ्रूट्स (राज्याची शेतकरी नोंदणी) ओळख क्रमांक आणि उतारा लागतो, आणि ही कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. घरात कन्नड वाचणारे कोणी नसेल, तर बाजारातली पट्टीही (विक्रीचा हिशोब दाखवणारी पावती) दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. वजन, हमाली, तोलाई हे रकाने कळत नसतील, तर कपात रास्त की जादा हे शेतकऱ्याने ठरवायचे कसे? पट्टी त्याच्या भाषेतही मिळणे हा त्याचा हक्क मानला पाहिजे.

याच भागाने भावासाठी मोठी किंमतही मोजली आहे. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला. पोलीस गोळीबारात शेतकरी बळी पडले.

थांबण्याची ताकद वाढवणारे साधन म्हणजे गोदाम पावती. गोदाम (विकास व नियमन) कायदा 2007 चा आहे; नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर बँक तारण कर्ज देते आणि माल न विकता उधारी भागवता येते. पूर्वी पेव (जमिनीतला धान्याचा खड्डा) आणि कणगी (धान्य साठवायची विणलेली मोठी टोपली) घरचे धान्य सांभाळत, पण त्यांतल्या धान्यावर कर्ज मिळत नसे. चार-पाच क्विंटलवाल्याला गोदामाचे भाडे आणि वाहतूक एकट्याने परवडत नाही. गावातल्या दहा जणांनी एका जातीचा, एकसारखा वाळवलेला माल एकत्र नेला, तर अशा लहान शेतकऱ्यालाही हे साधन वापरता येते.