कटऑफच्या रेषेवरचे विद्यार्थी आणि त्यांची पुढची कमाई

ज्या विद्यापीठात प्रवेश मिळणे अवघड, तिथल्या पदवीधरांचे पगार सरासरीने जास्त असतात. मात्र या जास्तीच्या पगाराचे श्रेय तिथल्या शिक्षणाचे की मुळात हुशार मुलेच तिथे निवडली जातात याचे, हे नुसत्या सरासरीवरून कळत नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साधारण सारख्याच महाविद्यालयांत अर्ज करून प्रवेश मिळवलेल्या विद्यार्थ्यांची आपसांत तुलना केली, तेव्हा अधिक चुरशीच्या महाविद्यालयात शिकल्याचा आर्थिक फायदा बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसा झाला. गरीब घरांतून आलेल्यांच्या बाबतीत तो टिकून राहिला आणि माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

पुढच्या संशोधकांनी कटऑफचाच आधार घेतला. रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांच्या कुवतीत फारसा फरक नसतो. एकाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही, एवढाच काय तो फरक. त्यामुळे पुढे त्यांच्या कमाईत तफावत पडली, तर ती प्रवेशामुळेच पडली असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मार्क होकस्ट्रा यांनी २००९ साली अमेरिकेतील एका राज्याच्या सर्वांत चुरशीच्या सरकारी विद्यापीठाबाबत हीच पद्धत वापरली आणि तिथे शिकलेल्या गोऱ्या पुरुषांची कमाई त्यामुळे सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठाने २००१ पासून प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या ४ टक्के विद्यार्थ्यांना प्रवेशात मोठे प्राधान्य दिले. ही रेषा शाळागणिक वेगळी असल्याने, ज्या शाळांतून पूर्वी फारसे कोणी पुढे जात नसे तिथल्या मुलांनाही चुरशीच्या संकुलांची दारे उघडली. झॅक ब्लीमर यांनी २०११ पर्यंतच्या अर्जांची माहिती पुढील शिक्षणाच्या आणि वेतनाच्या नोंदींशी जोडून पाहिली. या सवलतीमुळे आत आलेल्या कमी संधीच्या शाळांतील मुलांचे एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण इतके कमी होते की, सरासरीने पाहता, विद्यापीठातले सुमारे ८८ टक्के सहाध्यायी त्यांच्या पुढे होते. अशी मुले तिथे मागे पडतील, त्यांनी आपल्या कुवतीच्या महाविद्यालयातच जावे, असा युक्तिवाद नेहमी होतो. प्रत्यक्षात, कमी चुरशीच्या सरकारी महाविद्यालयात गेले असते त्या मानाने, त्यांच्यापैकी पाच वर्षांत पदवी घेणारे शंभरात आणखी तीस जण वाढले आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील त्यांची वार्षिक कमाई २५,००० डॉलरपर्यंत वाढली. कमी गुणांच्या मुलांना चुरशीचे विद्यापीठ झेपत नाही हा समज इथे तरी साफ खोटा ठरला.

मग त्यांच्यामुळे ज्यांची जागा गेली त्यांचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. टेक्सासने १९९७ साली कायदा करून प्रत्येक शाळेतील वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. सँड्रा ब्लॅक, जेफ्री डेनिंग आणि जेसी रॉथस्टीन यांना आढळले की, नव्याने संधी मिळालेल्यांचे पदवी घेण्याचे प्रमाण वाढले आणि कमाई वाढल्याचीही काही चिन्हे दिसली. नामांकित शाळांतील ज्या मुलांची ऑस्टिनच्या, म्हणजे टेक्सासमधल्या सर्वांत चुरशीच्या सरकारी विद्यापीठातील जागा हुकली, त्यांच्या ना पदव्या कमी झाल्या, ना कमाई.