वाहनाची पुढची काच फुटल्यास विमा दावा : पात्रता, कागदपत्रे आणि खर्चाचा हिशेब

कोगनोळीपासून निपाणी, संकेश्वर, बेळगाव आणि पुढे कित्तूरपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर खडीच्या टिपरमागून जाताना खडा उडून मोटारीच्या पुढच्या काचेला तडा जाणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. अशा वेळी बहुतेक वाहनधारक एक तर सरळ रोख पैसे मोजून काच बदलून घेतात किंवा विमा आहेच म्हणून लगेच दावा दाखल करतात. यांपैकी कोणता मार्ग स्वस्त पडेल हे पॉलिसीचा प्रकार, ती कोणाच्या नावावर आहे आणि त्या वर्षी मिळत असलेली ‘नो क्लेम बोनस’ची (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी) सवलत यांवर अवलंबून असते, आणि हे तिन्ही पॉलिसीच्या पहिल्याच पानावर छापलेले असते.

प्रथम पात्रता पाहू. कायद्याने सक्तीचा असलेला केवळ ‘थर्ड पार्टी’ (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा घेतला असेल तर स्वतःच्या वाहनाच्या काचेसाठी काहीही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी किंवा २०१९ पासून स्वतंत्रपणे मिळू लागलेला ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा) विमा हवा. अपघाताच्या दिवशी ती पॉलिसी चालू असली पाहिजे आणि वाहन चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असला पाहिजे. मुदत संपलेल्या पॉलिसीचे नूतनीकरण करताना कंपनी वाहनाची तपासणी करते आणि आधीच असलेला तडा त्या अहवालात नोंदवला जातो, त्यामुळे काच फुटल्यानंतर विमा घेऊन भरपाई मिळवण्याचा विचार करू नये.

सीमाभागात दावा नाकारला जाण्याचे एक कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूर किंवा सांगलीकडून जुनी गाडी विकत घेऊन ती बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात वापरणारे अनेक जण आहेत. आरसी पुस्तकावर नाव चढवण्याची आणि दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मिळवण्याची धावपळ ते करतात, पण पॉलिसी मात्र जुन्या मालकाच्या नावावरच राहते. मोटार वाहन कायद्यानुसार मालकी बदलल्यावर ‘थर्ड पार्टी’ संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे संरक्षण तसे येत नाही. त्यासाठी मालकी हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यावे लागते. आरसीवर एक नाव आणि पॉलिसीवर दुसरे अशी स्थिती असेल, तर काचेचाच काय, कोणताही ‘ओन डॅमेज’ दावा अडकतो. वाहन विकणाऱ्याचा बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

आता हिशेबाकडे वळू. घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापताना रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के वजावट होते, पण काचेच्या भागांवर घसारा शून्य आहे. म्हणजे गाडी दहा वर्षांची असली तरी काचेची पूर्ण किंमत ग्राह्य धरली जाते आणि फक्त बीडिंगसारख्या (काचेभोवतीच्या रबरी पट्टीसारख्या) सामानाची काही रक्कम कापली जाते. याशिवाय सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात वाहनधारकाने स्वतः सोसायची रक्कम, असते. खाजगी मोटारीसाठी ती १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आहे. हप्ता कमी व्हावा म्हणून २,५०० किंवा ५,००० रुपयांची ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल, तर तीही वर जमा होते आणि लहान गाडीच्या काचेच्या दाव्यात मग फारसे काही उरत नाही.

बोनसची घसरण मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, काच बसवण्याचे बिल ६,५०० रुपये झाले आणि सर्व कपात होऊन कंपनीने ५,३०० रुपये दिले. तुमचा ‘ओन डॅमेज’ हप्ता सवलतीपूर्वी ६,००० रुपये आहे असे धरू. दावा न केलेल्या सलग वर्षांनुसार बोनसचे टप्पे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असे आहेत आणि एका दाव्याने तो शून्यावर येतो. पुढच्या नूतनीकरणाला ज्याला ५० टक्के मिळणार होते, त्याचे पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, नंतर २५, १५ आणि ५ टक्के असे नुकसान होत जाते. या सर्वांची बेरीज ७,५०० रुपये येते. गाडी जुनी होते तसा हप्ता घटतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल, तरीही ५,३०० रुपयांसाठी दावा करणे अशा व्यक्तीला परवडत नाही. याउलट, बोनस अद्याप सुरूच झालेला नसेल तर त्याच हप्त्यावर एकूण तोटा सुमारे ३,००० रुपयांचा होतो, आणि दावा करणेच शहाणपणाचे ठरते. बोनस संरक्षणाची जोडपॉलिसी घेतलेली असेल, तर तिच्या अटींत काचेच्या दाव्याबद्दल काय म्हटले आहे ते आधी वाचावे. तोंडी उत्तरावर न विसंबता कंपनीकडून ई-मेलवर लेखी घेतलेले बरे.

दावा करायचे ठरल्यास काचेला हात लावण्यापूर्वी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर कळवून दावा क्रमांक घ्यावा. तडा गेलेल्या काचेचे जवळून आणि वाहनाचा क्रमांक दिसेल असे दुरून फोटो काढावेत. कागदपत्रे फार नाहीत : भरलेला व सही केलेला दावा अर्ज, पॉलिसी, आरसी, चालकाचा परवाना, ओळखीसाठी पॅन किंवा आधार आणि गॅरेजचे खर्चाचे अंदाजपत्रक. मालवाहू वाहनासाठी परमिट आणि फिटनेस प्रमाणपत्रही मागतात. कॅशलेस गॅरेजमध्ये काम केल्यास कंपनी परस्पर पैसे देते. ओळखीच्या दुकानात काच बसवल्यास जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, पैसे भरल्याची पावती आणि रद्द केलेला धनादेश जोडावा लागतो. सर्व्हेअरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) पाहण्यापूर्वी किंवा फोटोवरून मंजुरी येण्यापूर्वी जुनी काच फेकून देऊ नये. पॉलिसी संपूर्ण भारतात लागू असल्याने ती कोल्हापुरात काढली आणि काम बेळगावात केले तरी अडचण येत नाही.

खडा उडून काच फुटल्यास पोलिसांत जाण्याची सहसा गरज नसते. दगडफेकीत फुटली असेल तर मात्र तक्रारीची प्रत हवी. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली होती. अशा प्रसंगी होणारे नुकसानही ‘ओन डॅमेज’ संरक्षणात येते, कारण दंगल, संप आणि द्वेषबुद्धीने केलेले कृत्य हे तिन्ही धोके त्यात नमूद आहेत.

दावा परवडत नसेल तर पूर्ण काच बदलणे हाच एक पर्याय उरतो असेही नाही. नाण्याहून लहान खळगा असेल आणि तो चालकाच्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेला नसेल, तर राळेसारखे द्रव्य भरून तो बंद करता येतो आणि नव्या काचेच्या किमतीच्या थोड्याच भागात खर्च भागतो. तडा लांबण्यापूर्वी आणि त्यात पावसाचे पाणी व धूळ शिरण्यापूर्वी हे काम करावे. खानापूरकडच्या पावसाळ्यात यासाठी थांबून चालत नाही. काच बदलायचीच असेल तर कंपनीच्या शोरूमबाहेरही चांगला माल मिळतो, पण काच लॅमिनेटेड असावी आणि तिच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह व आयएस २५५३ हा क्रमांक कोरलेला असावा. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम १०० मध्ये दंडक आहे.

कंपनीने दावा नाकारला किंवा कमी रक्कम दिली, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास कर्नाटकातील रहिवाशांना बेंगळुरू येथील विमा लोकपालांकडे, नकारापासून एक वर्षाच्या आत, कोणतेही शुल्क न भरता जाता येते.

नवी काच बसली की फास्टॅगचे काम उरते. जुना टॅग सोलताना फाटतो आणि पुन्हा चालत नाही, म्हणून टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसीची प्रत देऊन बदली टॅग मागावा. शिल्लक रक्कम त्याच खात्यात राहते. वैध टॅगशिवाय कोगनोळी किंवा हत्तरगीचा नाका ओलांडल्यास १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो.