काल रात्री ढग होते का?

परीक्षा संपल्या की पुण्यातून मनाली-उत्तराखंडच्या ट्रेकला गट निघतात. पाठीवर वजन घेऊन सिंहगडाच्या फेऱ्या होतात, जाड जॅकेटं घेतली जातात. पण एप्रिल-मे महिन्यांत बर्फाच्या उतारावर खरा धोका थंडीचा नसून उबेचा असतो.

बर्फाच्या गोळ्याचं उदाहरण घ्या. किसलेल्या बर्फावर थोडं सरबत पडलं की दाणे एकमेकांना घट्ट धरतात. जास्त ओतलं की तोच गोळा काडीवरून घसरतो. डोंगरावरही तसंच. दाण्यांमधलं पाणी आकारमानाच्या साधारण 8 टक्क्यांपुढे गेलं की दाण्यांचे सांधे वितळतात, पाणी खाली झिरपतं आणि एखाद्या कडक थरावर किंवा खडकावर साठून वरच्या बर्फाचा आधारच काढून घेतं. कोरड्या ताज्या बर्फाच्या घनमीटरचं वजन 100 किलोच्या आसपास, वसंतातल्या ओल्या बर्फाचं 400 ते 500 किलो. हा ओला बर्फ घसरला की होणारं हिमस्खलन तुलनेने हळू येतं, पण थांबल्यावर इतकं घट्ट बसतं की अडकलेल्या माणसाला हातही हलवता येत नाही.

हे सांधे पुन्हा जुळतात ते रात्री. 1 ग्रॅम पाणी गोठताना 334 ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती जायला आभाळ मोकळं लागतं. निरभ्र रात्री हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. ढग असले की उष्णता परत खाली येते, पाऊस झाला तर आणखी वाईट. म्हणून गाइडला पहाटे पहिला प्रश्न हाच विचारा. उत्तर ‘रात्रभर ढग होते’ असेल, तर 30 ते 45 अंशांचे उतार त्या दिवशी सोडून द्या. चढाचा कोन मोबाइलवर मोजता येतो. सिंहगडावरच सराव करा.

रात्र निरभ्र गेली असेल तर अंधारातच निघा. ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेकडच्या, शेवटी पश्चिमेकडच्या. बूट घोट्याच्या वर रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की मागे फिरा, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. शिखर पाच मिनिटांवर असलं तरी.

4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथु ला रस्त्याजवळ हिमस्खलनात 7 पर्यटक गेले. ते काही शिखर चढत नव्हते. तेव्हा फोटोसाठीसुद्धा अशा उताराच्या पायथ्याशी घोळक्याने थांबू नका. ओलांडायचाच असेल तर एकेकाने जा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.