बास्केटबॉलचा बूट म्हणजे आरामदायी असणारच? नाही हो!

किती वर्षं ऐकतोय हे, "खेळाडूंसाठी बनवलेला बूट आहे, दिवसभर घाल, पाय दुखणारच नाहीत". रेट्रो बूट, म्हणजे जुन्या बास्केटबॉल बुटांच्या डिझाईनचे बूट, घेताना हे डोक्यातून काढाच प्लीज.

हे डिझाईन १९८० च्या दशकातलं आहे. नायकीचा एअर फोर्स १ आला १९८२ ला, त्यात टाचेखाली हवेची पिशवी होती, पण नायकीच्याच १९८५ च्या डंक बुटात तीही नव्हती, म्हणजे पायाखाली जवळपास नुसतं रबर. आणि बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचंच बघा ना, मार्च १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो हौसेने आपले जुने एअर जॉर्डन १ घालून खेळला, ४२ पॉइंट मारले, पण पायातून रक्त आलं! खुद्द ज्याच्या नावाचा बूट, त्याची ही गत.

स्वस्तातले, म्हणजे नायकीच्या कोर्ट व्हिजनसारखे, दिसायला एअर फोर्सच्या जवळ जातात पण आत हवेची पिशवी नाही, साधा फोम. वाईट नाहीत ते, कॉलेजला, लग्नाला जीन्सवर मस्त दिसतात, मला स्वतःला खूप आवडतात. फक्त रोज लोकलमध्ये उभं राहून जाणार असाल तर दुकानात आधी आतला सोल उचलून बघा, निघत असेल तर जाड सोल टाकता येतो, आणि बूट संध्याकाळी ट्राय करा कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात.

"वापरून सैल होईल" यावर तर अजिबात जाऊ नका, चामडं रुंदीला थोडं सैल होतं, रेक्झिन फार कमी, आणि लांबी तर दोन्हीची वाढत नाही, अंगठा टेकत असेल तर एक नंबर वरचा घ्या.